काढून ठेवलेली वचनं

चिमट्याची दोन टोकं चिठ्ठ्यांवर थांबली होती… भुवया कोरायच्या चिमट्याएवढाच तो, पितळी, एका बाजूला किंचित वाकलेला. शालन मात्र नवऱ्याच्या, शांतवनच्या बोटांकडे बघत होती, नखांखालच्या निळसर झाकेकडे. लाकडी पेटीत सुरळ्या करून उभ्या लावलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर पवित्र शास्त्रातलं, बायबलातलं, एक वचन. रोज सकाळी चहाआधी एक काढायची, मोठ्यानं वाचायची. ते त्या दिवशीचं देवाचं आपल्याशी बोलणं. लग्नात तिच्या आईनं दिलेली ही पेटी, आणि तीस वर्षं नवऱ्यानं हे बोलणं हवामानाच्या अंदाजाइतक्याच भक्तिभावानं ऐकलेलं.

काढली एकदाची. शांतवननी चष्मा सारखा करून वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. आजही बरं करण्याचंच वचन. गेले एकोणीस दिवस हेच.

"बघितलंस? आता काय त्यानं लेटरहेडवर लिहून द्यायचं?"

"गोळी घ्या आधी," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार मी.

कारण मला ठाऊक होतं, पेटीत दुसरं काही उरलेलंच नाही. यांच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत, बायपास करावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पेटी उपडी केली होती. उद्या या माणसाच्या हाती नेमकं मरणाचं, न्यायाचं, सोसण्याचं वचन आलं तर? एवढीच भीती. तांदळातले खडे निवडावेत तशी ती वचनं वेचली आणि बटणांच्या डब्यात टाकली. आजारी माणसाला आपण तिखट देतो का? तसंच ते. वाईट काहीच केलं नव्हतं मी… तेव्हा तरी तसंच वाटलं होतं.

तिसऱ्या सकाळी ते म्हणाले, 'ऑपरेशन जरा थांबवू या.' पाचव्या सकाळी, 'नकोच.' आणि मग एक दिवस गॅलरीत खुर्ची टाकून ते देवाशी बोलायला लागले — प्रार्थना नव्हे, बोलायलाच, शेजारच्या कुलकर्ण्यांशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलावं तसं. आज दम कमी लागला हं. आमच्या अपेक्षाचं प्रमोशन अडलंय, बघ जरा. हा माणूस, जो रविवारी उपासनेत प्रवचन सुरू झालं की घड्याळाला किल्ली देत बसायचा! शालन भाजी चिरता चिरता ऐकायची आणि तिचा हात थांबायचा. ऐकायला गोड वाटायचं, आणि बटणांचा डबा आठवायचा.

दुपारी अपेक्षाचा ऑफिसमधून फोन आला. "आई, हॉस्पिटलला सहापर्यंत कन्फर्म करायचंय. सोमवारचा बेड सोडला तर पंधरा दिवस मिळणार नाही, आणि पंधरा दिवस थांबणं म्हणजे सरळ रिस्क आहे म्हणाले डॉक्टर. बाबांच्या डोक्यात हे भरवतंय कोण? चर्चमधले पाळकसाहेब पण म्हणाले ना, ऑपरेशन करा म्हणून? तू सांग ना. तुझं ऐकतात ते."

"सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवून बटणांचा डबा उघडला. एकेक सुरळी उलगडत गेली. यातलं एखादं वचन तरी माणसाला दवाखान्यात पाठवेल? एकही पाठवत नव्हतं. सगळी एकतर घाबरवत होती किंवा धीर धरायला सांगत होती. मग तिनं कोरा कागद घेतला, त्याच रुंदीची पट्टी कापली, आणि छापील वळणाच्या अक्षरांत 'डॉक्टरांचं' एवढं लिहून झाल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. काय करतेय मी? भगिनी मंडळाची सेक्रेटरी, आणि देवाचं हस्ताक्षर गिरवतेय! शिवाय आजची चिठ्ठी काढून झालेली. एका दिवशी दुसरी काढणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं, हे तिनंच त्यांना शिकवलं होतं. तिनं पट्टी फाडली आणि खरकट्यात टाकली.

नगरच्या बोर्डिंगपासूनची सवय तिची — पहाटे पाचला उठायचं, चटईची घडी गुडघ्यांखाली घ्यायची, विनंत्यांची वही उघडायची. अमक्याचा ताप, तमकीची नोकरी; मिळालं की समोर बरोबरची खूण. एवढ्या वर्षांत एक सकाळ चुकवली नाही मी. आणि तो माझ्याशी एक शब्द बोललेला मला आठवत नाही… खरं सांगायचं तर मी थांबलेच नाही कधी, आमेन म्हटलं की गॅस पेटवायला उठायचे. आणि यांना मात्र, मीच निवडून ठेवलेल्या पेटीतून, गॅलरीत बसल्या बसल्या तो भेटला. तिला हेवा वाटला. नवऱ्याच्या जिवावर बेतलेलं असताना त्याचा हेवा वाटावा, याची तिला लाज वाटली, पण हेवा गेला नाही.

साडेपाचला ती गॅलरीत गेली आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. एका दमात बोलली नसती तर बोलणं झालंच नसतं.

"अहो, ही त्याच पेटीतली वचनं आहेत. रिपोर्ट आला त्या दिवशी मी काढून ठेवली. तुम्हाला रोज चांगलंच येत होतं, कारण दुसरं मी ठेवलंच नव्हतं."

त्यांनी एक चिठ्ठी उलगडली, वाचली, पुन्हा नीट गुंडाळली. ती वाट पाहत होती. ते ओरडतील, महिनाभर अबोला धरतील, ही खुर्ची उद्यापासून रिकामी राहील… सगळ्याची तिनं तयारी केली होती.

"एवढ्यांतून नेमक्या ह्याच काढायच्या, हे तुला कुणी सुचवलं?"

"कुणी नाही हो. मला भीती वाटली."

"भीती घालूनच करवून घेतो तो," शांतवन म्हणाले, आणि हसले. "जे मला ऐकवायचं नव्हतं, ते तुझ्या हातून काढून घेतलं. आणि मी समजत होतो, तो फक्त माझ्याशीच बोलतोय!"

"तसं नाहीये. अहो, ऐका तरी…"

"अपेक्षाला कळव, नको म्हणून." त्यांनी डोळे मिटले. "शालननं सगळं सांगितलं बघ," ते गॅलरीच्या जाळीकडे तोंड करून म्हणाले, घरात काही शुभकार्य ठरल्यासारख्या आवाजात.

ती खुर्चीशेजारी फरशीवर बसली. खोटं बोलून झालं होतं, खरं बोलूनही झालं. आता हातात काहीच नव्हतं. हे स्वर्गीय पित्या… सवयीनं ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. तूच करवून घेतलंस का रे हे? तसं असेल तर पुढचंही करवून घे. आणि नसेल… नसेल तर त्यांना सांग. मला नको, त्यांना सांग. माझं ऐकत नाहीत ते. देवाला 'अरे' तिनं जन्मात म्हटलं नव्हतं. तिला त्याचा राग आला होता, आणि त्या रागातही तो कुठं जाऊ नये असंच तिला वाटत होतं.

फरशीवर ठेवलेला फोन वाजायला लागला, स्क्रीनवर अपेक्षाचं नाव होतं, आणि शालन तशीच बसून राहिली, आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बोलण्याची वाट पाहत.