हिवाळ्यातलं अ‍ॅव्हरेज

चाळीसकाकांनी आयुष्यभर बस चालवली आणि काटा कधी चाळीसच्या पुढे जाऊ दिला नाही, म्हणून डेपोत त्यांना ते नाव पडलं. काका निवृत्त झाले, नाव काही निवृत्त झालं नाही. मुलगा इंजिनिअर झाला, लांबच्या शहरात गाड्यांच्या कारखान्यात बॅटऱ्या तपासायला लागला, आणि बढती मिळाली तेव्हा त्यानं बापाच्या दारात हायब्रिड गाडी आणून उभी केली. पेट्रोलवर चालते, मध्येच इंजिन बंद करते आणि बॅटरीवर गुपचूप पुढे सरकते, अशी ही गाडी. पहिल्याच दिवशी सिग्नलला इंजिन बंद झालं, तर काका बॉनेट उघडायला खाली उतरले होते. शेजारच्या सीटवर काकू पोट धरधरून हसत होत्या.

आता बापलेकांचं बोलणं म्हणजे सगळा आनंदीआनंद. दोघेही सारखेच घुमे. मायेचं काही बोलायची वेळ आली की दोघांच्याही तोंडाला कुलूप. या गाडीनं मात्र त्यांना बोलायला विषय दिला. दर रविवारी सकाळी फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"बाबा, किती देतेय?"

"चोवीस."

"वा. ब्रेक हळू दाबताय ना?"

"तू मला ब्रेक शिकव आता."

झालं. एवढ्यावर दोघं आठवडाभर खूश. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. "लोक एकमेकांची तब्येत विचारतात, हे अ‍ॅव्हरेज विचारतात." पण काकांनी आकडा कधी फुगवून सांगितला नाही. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे, बोलायला गेले की कान लाल व्हायचे.

थंडी पडायला लागली त्याच सुमाराला काकूंचं दुखणं बाहेर आलं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन जे सांगितलं, त्यात आशेला फारशी जागा नव्हती. घरी येऊन काकांनी मुलाला लावायला फोन उचलला, तो काकूंनी त्यांच्या हातातून काढून घेतला. सूनबाईला दिवस गेले होते. आधी दोनदा मूल पोटातच गेलेलं, म्हणून या खेपेला तिला पलंगावरून उठायचीही बंदी होती, आणि तिचं सगळं करायला नवऱ्याशिवाय घरात दुसरं कोणी नव्हतं.

"त्याला कळलं तर तो हातातलं सगळं टाकून येईल," काकू म्हणाल्या. "आणि तिकडे काही कमीजास्त झालं तर? बाळ येऊ द्या. मग माझं मी सांगेन. तोवर तुमच्या तोंडून शब्द जायचा नाही. शपथ घ्या माझी."

काकांनी शपथ घेतली. काय करणार? पण काकू झोपेत मुलाला हाका मारायच्या, आणि जाग आली की म्हणायच्या, छे, मी कुठे काय म्हणाले. काकूंना मुलगा जवळ हवा होता. काकांनाही हवा होता. एकट्यानं हे ओझं उचलण्यातले काका नव्हते.

दवाखाना जवळच होता. गल्लीच्या टोकाला वळायचं, बेकरी मागे टाकायची की फाटक. एरवी दोघं बोलत बोलत चालत जाऊन आले असते. आता काकूंना दारातून गाडीपर्यंत येतानाच धाप लागायची. म्हणून रोज गाडी निघायची, तेवढंच अंतर जायची, इंजिन तापायच्या आत थांबायची, आणि गार व्हायची. सलाईन उतरलं की काकू कुडकुडत बाहेर येत, म्हणून काका आधीच खाली जाऊन हीटर लावून ठेवायचे. हीटर लावला की ती गाडी इंजिन बंद करायचं नावच घेत नसे. उभ्या जागी पेट्रोल जळत राहायचं. काकू आत बसल्या की गरम सीटवर हात फिरवायच्या. "ओव्हनमधला पाव झालाय माझा," म्हणायच्या.

पुढच्या रविवारी मुलानं विचारलं, "किती?"

"अठरा," काका म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शपथ शब्दाची होती. आकड्याची नव्हती. पोरगा दिवसभर हेच तर करतो, आकड्यावरून गाडीला काय झालंय ते ओळखतो. तो विचारेल, एवढं उतरलं कसं, तुम्ही जाता तरी कुठे? एकदा त्यानं नेमकं विचारलं की काकांचे कान लाल होणार, आवाज फुटणार, आणि मग तो काय समजायचं ते समजेल. काका फोन कानाला दाबून वाट बघत राहिले.

"थंडी, बाबा," मुलगा म्हणाला. "हायब्रिडचं असंच असतं. थंडीत बॅटरी आळसावते, चार्ज घेत नाही. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो. सगळ्यांचंच अ‍ॅव्हरेज उतरतं. टायरमधली हवा तपासा."

काकांनी हवा तपासली.

पुढे सोळा झालं, मग चौदा. काका दर रविवारी आकडा सांगायचे, दशांशासकट सांगायचे, आणि मग त्याच्या प्रश्नाची वाट बघायचे. आणि दर रविवारी पोरगा नवा उपाय सांगायचा. पुढच्या जाळीला आतून पुठ्ठा लावा, वारा कमी लागेल. हीटर जरा कमी वापरा. हीटर कमी वापरा म्हणे! काकांच्या तोंडाशी आलेलं परत घशात गेलं. पुठ्ठा मात्र त्यांनी लावला. काकू खिडकीतून बघत होत्या. "तुमच्या गाडीला माझ्यापेक्षा जास्त थंडी वाजते," त्या म्हणाल्या.

काकूही फोनवर बोलायच्या. आवाज खोल गेला होता, त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं, "घसा बसलाय रे, थंडीनं." मुलगा व्हिडिओ लावू म्हणाला की म्हणायच्या, नको, केस विंचरले नाहीत. विंचरायला डोक्यावर केस उरलेच नव्हते. फोन ठेवला की त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या, आणि काका उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांचा आवाज करत बसायचे.

मग एका आठवड्यात थंडी अचानक ओसरली. रस्त्यावर लोक बिनस्वेटरचे दिसायला लागले. काकांना मनातून बरं वाटलं. आता काय सांगशील बेट्या? रविवारी फोन वाजल्याबरोबर त्यांनी तो उचलला.

"अकरा," ते म्हणाले. मग मुद्दाम हळू हळू म्हणाले, "आणि इकडे ऊन पडलंय. थंडी अजिबात नाही. मी स्वेटरसुद्धा घातलेला नाही."

काकांचा जीव कानात गोळा झाला. विचार रे, ते मनात म्हणत होते, विचार एकदा. पलंगावरून काकू त्यांच्याकडेच बघत होत्या.

"मग थर्मोस्टॅट गेला असणार," मुलगा म्हणाला. "तो उघडा अडकला की इंजिन गरमच होत नाही. उद्याच्या उद्या बदलून घ्या. बाबा, मी ठेवतो, हिला जरा त्रास होतोय."

काकांनी तोही बदलून घेतला. गॅरेजवाल्यानं जुना काढून त्यांच्या हातावर ठेवला. तो मुठीत धरून काका तिथल्या बाकावर बसून राहिले. मुलाचा राग येत होता आणि रागावायला कारण सापडत नव्हतं. तो बिचारा बायकोच्या उशाशी बसून बापाच्या गाडीची काळजी करत होता. दुसरी कसली काळजी करायला त्याला कोणी सांगितलं होतं?

काकू गेल्या त्या दिवशी सलाईन संपत आलं होतं. "तुम्ही व्हा पुढे, गाडी गरम करा," त्या म्हणाल्या. काका खाली गेले, हीटर लावला, सीटवर हात ठेवून बघितला. सीट छान तापली. बराच वेळ झाला तरी काकू आल्या नाहीत, आली ती नर्स, धावत. फाटकापाशी गाडीचं इंजिन किती तरी वेळ चालू होतं. बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

मुलाला त्यांनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. आता शपथ उरली नव्हती. शेजारणीला बायकोजवळ बसवून तो आला. आईला निरोप देऊन झाला, भेटायला येणारी माणसं पांगली, आणि घरात दोघंच उरले. तिसऱ्या दिवशी मुलानं खुंटीवरची किल्ली घेतली.

"चला. तुम्ही रोज जायचात तो दवाखान्याचा रस्ता मला दाखवा."

काका शेजारच्या सीटवर बसले, काकूंच्या. मुलानं गाडी चालू केली. गल्लीच्या टोकाला वळले, बेकरी मागे पडली, आणि काका म्हणाले, "हे फाटक. थांब."

मुलगा थांबला. इंजिन गरम झाल्याची खूण समोरच्या पडद्यावर अजून आलीसुद्धा नव्हती. तो कितीतरी वेळ त्या पडद्याकडे बघत राहिला.

"एवढंच?"

"एवढंच. रोज."

"तुम्ही मला सांगत होतात," मुलगा म्हणाला. "दर रविवारी सांगत होतात. आणि मी तुम्हाला पुठ्ठा लावायला सांगत होतो."

काकांना म्हणायचं होतं, हो रे, सांगत होतो, घसा सुकेपर्यंत सांगत होतो. पण पोराचं तोंड बघवत नव्हतं. त्याला परत जायचं होतं, बाळ यायचं होतं.

"नाही रे," ते म्हणाले. "थंडीच होती यंदा. तू म्हणत होतास ते बरोबरच होतं."

मुलानं वळून त्यांच्याकडे बघितलं. काकांचे कान लालबुंद झाले होते.