बदली गाडीचे गुण

आमची निळी गाडी रस्त्यावर जितकी असते तितकीच वर्कशॉपमध्ये असते. ती तिकडे मुक्कामाला राहिली की वर्कशॉपवाले वापरायला दुसरी गाडी देतात. बाबा तिला 'बदली गाडी' म्हणतात. बाबांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. बदली शिक्षक वर्गावर आला की पोरं त्याचे जे हाल करतात, तेच हाल बाबा या गाड्यांचे करतात. गाडी परत करायच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर निकाल लागतो. दहापैकी गुण, कुठे किती कापले आणि का कापले ते तोंडी, आणि फेरतपासणीची सोय नाही.

पहिली बदली गाडी पांढरी आणि छोटी होती. "क्लच इतका उंच, की गुडघा हनुवटीला लागतो." साडेपाच. दुसरी उंच. "बाल्कनीत बसून घर चालवल्यासारखं वाटतं." पाच. तिसरी बॅटरीवरची. "चालू आहे की बंद, ते तिलाच विचारावं लागतं." तिला मात्र सात मिळाले, कारण गप्प बसणारी मुलं बाबांना पहिल्यापासून आवडतात. शिवाय तिघींचेही डाव्या बाजूचे गुण गेले होते. पहिलीचा काचेजवळचा खांब जाड, दुसरीचा आरसा लहान, तिसरीची मागची खिडकी निमुळती. "डावीकडचं काही दिसतच नाही. कोण बनवतं या गाड्या?" आम्ही माना डोलवायचो. बाबांनी दहापैकी दहा कधी कोणाला दिले नाहीत. मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. त्या वर्षांचा राग माझ्याकडे अजून शिल्लक आहे.

या खेपेला निळी गाडी वर्कशॉपला गेली ती डाव्या दारासाठी. आई चार दिवस मावशीकडे गेली होती, तेवढ्यात बाबांनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली. दार काकडीसारखं सोललं गेलं. बाबांचं म्हणणं, खांबच नको तिथे आहे. तो खांब माझ्या जन्माच्या आधीपासून तिथे आहे, हे मी बोलून दाखवलं, आणि बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

वर्कशॉपने राखाडी रंगाची, नवीकोरी, गिअर न बदलता चालणारी गाडी दिली. तिला मागचं दाखवणारा पडदा होता. बाजूला कोणी आलं की त्या बाजूच्या आरशात पिवळा दिवा लागायचा, आणि तरीही आपण तिकडे वळायला लागलो तर ती टुंई टुंई करायची. बाबांनी तिला घरी आणली तीच कपाळाला आठ्या घालून.

"सेन्सर खराब आहे. डावीकडे चिटपाखरू नसताना कोकलते," ते म्हणाले. "उजवीकडे बरोबर वाजते. डावीकडे वेड लागल्यासारखी." आणि वर्कशॉपच्या काउंटरवरच्या मुलीला फोन करून त्यांनी तशी तक्रारही नोंदवली.

दुसऱ्या दिवशी मी ती गाडी घेऊन बाजारात गेले. मला ती आवडली. लोण्यातून चालवल्यासारखी चालते, आणि ब्रेक जरा जास्त तत्पर आहे एवढंच. टुंई टुंई दोनदा झालं. एकदा स्कूटरवाला होता, एकदा हातगाडी. घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "माझ्या हातात एकदाही उगाच वाजली नाही."

"नशीब तुझं," बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

मावशीकडून परतलेली आई पाणी घेऊन आली. भांडं तिने बाबांच्या उजव्या हाताशी ठेवलं, मग मेजावरचा चष्माही उचलून उजवीकडे सरकवला. हे ती कधीपासून करते कोण जाणे. मी तेव्हा नुसतं बघितलं.

आता त्या दिवसांत माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगते. सोमवारपासून माझी नवी नोकरी सुरू होणार होती, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. ती मिळावी म्हणून मी किती उंबरठे झिजवले ते माझं मला माहीत. कामाची वेळ भल्या सकाळची. नवरा परगावी नोकरीला. तेव्हा छोटीला, म्हणजे माझ्या मुलीला, रोज शाळेत सोडायचं काम बाबांनी आनंदाने अंगावर घेतलं होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांना शाळेच्या फाटकाशी जायला सबब हवीच होती.

"मीही रोज सोबत जाईन," आई म्हणाली.

"कशाला?" मी म्हटलं. "तुझे गुडघे दुखतात. रोज गाडीत चढ, उतर."

"बसूनच तर जायचंय."

"आई, शाळेत सोडायला एक माणूस पुरतो. वरात नको."

आईचा चेहरा पडला. मला वाटलं, कंडक्टरकी हातची जाते म्हणून वाईट वाटतंय. आईला आम्ही घरात कंडक्टर म्हणतो. बाबांच्या शेजारी बसली की तिचं तोंड एक मिनिट बंद नसतं. "थांबा, सायकल आहे. हं, गेली. डावीकडे कोणी नाही, घ्या. जरा दम धरा. घ्या आता." घरापासून भाजीबाजारापर्यंत हेच. मला दोन वळणांत डोकेदुखी सुरू होते. बाबा एरवी कोणाचं एक ऐकून घेत नाहीत, पण आईच्या या बडबडीवर ते कधी चिडले नाहीत. आम्ही त्याला संसार मुरल्याची खूण समजत होतो.

शनिवारी शाळेच्या रस्त्याची रंगीत तालीम करायची ठरली. पुढे बाबांच्या शेजारी मी बसले, रस्ता आणि उतरायची जागा बघायला. छोटीची खुर्ची मागे डावीकडे बांधलेली. आईला घरी राहा म्हटलं, तरी ती आलीच, आणि बाबांच्या पाठीमागे बसली. गाडी फाटकातून निघाली तशी ती मागून मान लांब करून बघायला लागली.

"डावीकडे कोणी..."

"आई, आज कंडक्टर सुट्टीवर," मी म्हटलं. "आता गाडीच बोलते. तू गप्प बस."

छोटी खिदळली. बाबाही हसले. आई मागे टेकून बसली.

शाळेच्या आधी डावीकडे एक वळण आहे. बाबांनी इंडिकेटर दिला, वेग कमी केला, सगळं अगदी नियमाने. मी समोर शाळेचं फाटक शोधत होते. तेवढ्यात टुंई टुंई सुरू झालं.

"बघ," बाबा म्हणाले. "कोणी नाही आणि कोकलतेय." आणि त्यांनी चाक डावीकडे फिरवलं.

माझ्या खिडकीशी एक बाई सायकलवर होती. इतकी जवळ, की काच खाली असती तर तिच्या हँडलला अडकवलेला डबा मी हाताने धरला असता. "बाबा, थांबा!" मी ओरडले. मागून आई किंचाळली. गाडी जागच्या जागी थांबली. ब्रेक तत्पर होता म्हणून. ती बाई आरशाला धरून एका पायावर कशीबशी उभी राहिली. डबा खाली पडून रस्त्यावर गडगडत गेला.

"काका, दिसत नाही का?" ती म्हणाली.

रस्त्यावर हा प्रश्न रोज कोणी ना कोणी कोणाला तरी विचारतो आणि त्याला कोणी उत्तर देत नाही. बाबांनी माझ्या बाजूची काच खाली केली, मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं. "नाही. नाही दिसलात."

ती काहीतरी पुटपुटली. मी उतरून तिला डबा उचलून दिला, चार वेळा माफी मागितली. ती गेल्यावर मागून छोटी म्हणाली, "आजोबा, पण गाडीने सांगितलं होतं ना?"

बाबांनी गाडी वळणापुढे नेऊन कडेला लावली आणि बंद केली. राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. जाड खांब. लहान आरसा. निमुळती खिडकी. आता सेन्सर. चार कंपन्यांच्या चार गाड्या, आणि चौघींची एकच बाजू कशी बिघडेल? हा हिशेब मला तिथे, त्या कडेला सुचला. बाबांनाही सुचला असावा, कारण ते म्हणाले, "खाली उतर. मागच्या चाकापाशी उभी राहा आणि डाव्या बाजूने हळूहळू पुढे चालत ये. मी समोर बघतो. दिसलीस की सांगतो."

मी मागच्या चाकापासून निघाले. मागचं दार झालं. पुढचं दार झालं. आरसा मागे पडला. बाबा समोर बघत होते, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. बॉनेटच्या अर्ध्यावर पोचले तरी त्यांनी काही म्हटलं नाही. मी जवळजवळ दिव्यापाशी आले तेव्हा ते म्हणाले, "दिसलीस."

"परत," बाबा म्हणाले. एका उत्तरावर त्यांचा विश्वास कधीच नसतो.

मी परत चालले. उत्तर तेच आलं. मग उजव्या बाजूने चालायला लावलं, तर मी आरशापर्यंतही पोचले नव्हते, तेव्हाच "दिसलीस." बाबांनी दोन्ही हात चाकावर ठेवले.

"मला माहीत होतं," आई मागून म्हणाली.

आम्ही दोघांनी वळून बघितलं.

"दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. भांडं डावीकडे ठेवलं की सांडतं. गाडी चालवताना डावीकडच्या सायकली दिसत नव्हत्या." ती पदराशी चाळा करत होती. "म्हणून मी बोलत राहायचे. यांना उजवीकडचं दिसतं, मला डावीकडचं. दोघं मिळून निभत होतं."

"निभत होतं?" माझा आवाज चढला. "आई, सोमवारपासून छोटी बसणार होती या गाडीत! मला सांगायचं नाही?"

"म्हणून तर म्हटलं, मी सोबत जाते. तू वरात म्हणालीस." मग ती बाबांकडे वळली. "गाडी चालवणं सुटलं असतं तर तुम्ही खुर्चीत बसून राहिला असता. मला ते बघवलं नसतं."

मी रागाने काही बोलणार होते, पण आई रडायला लागली आणि मलाही रडू आलं. छोटी दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. बाबा रडले नाहीत. ते उतरले, गाडीला पुढून वळसा घालून डाव्या दाराशी आले आणि म्हणाले, "चालव तू."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजरेतली गेलेली जागा मेंदू आपणच भरून काढतो, त्यामुळे माणसाला तिथे रस्ता मोकळाच दिसतो. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने टिकवायची, आणि गाडी बंद. बाबांनी एकच शंका विचारली, "म्हणजे मला जे मोकळं दिसत होतं, ते मोकळं नव्हतं?" डॉक्टर म्हणाले, "नव्हतं." छोटीसाठी शाळेची व्हॅन लावली. व्हॅनच्या थांब्यापर्यंत बाबा तिला चालत नेतात, आणि ती त्यांच्या डाव्या बाजूने चालते.

निळी गाडी दुरुस्त झाल्याचा फोन आला तसे आम्ही तिघं राखाडी गाडी परत करायला गेलो. काउंटरवरची मुलगी बाबांना ओळखते. बाबांचं भाषण ऐकायची तयारी ठेवूनच ती हसली.

"काय सर, कशी वाटली गाडी? त्या सेन्सरची तक्रार लिहून ठेवलीय मी. आजच तपासून घेते."

"नको," बाबा म्हणाले. "सेन्सर बरोबर आहे. दहापैकी दहा."

मुलीला त्यातलं काही कळलं नाही, ती "अरे वा" म्हणाली.

"आणि याआधीच्या तुमच्या तीन गाड्या," बाबा म्हणाले. "त्यांचे डाव्या बाजूचे गुण मी कापले होते. ते परत द्यायचे आहेत. चूक तपासणाऱ्याची होती."

"चालेल, सर," ती म्हणाली, आणि निळ्या गाडीची किल्ली तिने नेहमीप्रमाणे बाबांच्या हातात ठेवली. बाबांनी ती मुठीत धरली. तिला लावलेला चामड्याचा पट्टा त्यांच्याच बोटांनी झिजलेला आहे. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि स्वतः डाव्या दाराकडे गेले. नव्या रंगावरून एकदा हात फिरवून ते आत बसले. आई मागे बसली.

वर्कशॉपच्या फाटकातून डावीकडे वळायचं होतं. मी थांबले. आईने मागून तोंड उघडलं आणि मिटलं. बाबांनी अख्खी मान डावीकडे वळवली, खांदाही वळवला, रस्ता टोकापर्यंत नीट बघून घेतला.

"कोणी नाही," ते म्हणाले. "घे."

रस्ता मोकळा असल्याचं मला आधीच दिसलं होतं. पण ते 'घे' म्हणेपर्यंत मी गाडी हलवली नाही.