निळाईचे आंबट अश्रू

शारजातल्या त्या टू-बीएचकेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर केक होता, पण त्याला कुणी हात लावत नव्हतं. परवानगीशिवाय अशी पूजेची बैठक इथे चालत नाही, म्हणून खालचा वॉचमन अजीज वर आलाच तर सांगायचं, बर्थडे आहे. सोफ्याच्या जागी चौरंग, त्यावर जाड लाकडी चौकटीत एक जुनी निळी-पांढरी टाईल. टाईलवर बाईचा चेहरा. आणि त्या बाईच्या डोळ्यांतून लाल पाणी ओघळत होतं.

"रडली! निळाई रडली!"

"यल्ला, चला, फोन सायलेंट!" निळाईबाबा गरजले. "चारशे वर्षं माझी आई गोव्यात पोर्तुगीजांच्या भिंतीत कैद होती. तिचे अश्रू पाजा, पोरांची बुद्धी तल्लख होते की नाही बघा. पोटात कळ आली तर समजा, जडपणा निघतोय. नाही आली तर चमचा वाढवा!"

शुभ्रा दाराशीच उभी होती. रास अल खैमातल्या चिनीमातीच्या कारखान्यात ती कपबश्यांची झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, तपासायची. तिच्या भावाची मुलगी दिया गणितात मागे पडत होती, म्हणून वहिनीने, हेमाने, दिवाळीपासून तिला रोज चमचाभर अश्रू सुरू केले होते. हल्ली दिया पांढरीफटक दिसायची, पोट धरून बसायची, पाठ झालेले पाढेही विसरायची.

"टाईल खोटी आहे, वहिनी. आमच्याच कारखान्यातली असेल," ती हेमाच्या कानाशी म्हणाली.

बाबांनी ते ऐकलं. "मॅडम, कारखान्यात मशीन असेल ना तुमच्या? लावा! आई खोटी निघाली तर मी खलास. खरी निघाली तर इथेच नाक घासायचं."

पुढच्या बैठकीला शुभ्रा कारखान्यातल्या साहेबांच्या परवानगीने एक्स-रे गन घेऊन आली. वस्तू न फोडता तिच्यात काय काय आहे ते ही गन सांगते. तिने ती टाईलला टेकवून चाप दाबला. टाईल हल्लीची असती तर झिर्कोनियम दिसायला हवं होतं. ते नव्हतं. कथील होतं, आणि शिसं तर भरभरून. जुन्या पोर्तुगीज झिलईची हीच खूण.

"खरी आहे," शुभ्रा म्हणाली. तिने गन खाली ठेवली.

हॉल टाळ्यांनी दणाणला. "हेमा, नणंदेला आधी केक भरव, मग नाक घासू दे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

शुभ्रा वाकली. वाकता वाकता तिने चौकट उचलली आणि मागची फळी खेचली. आतून ओला स्पंज पचकन पांढऱ्या चादरीवर पडला. लाल डाग पसरला. हेमाने वास घेतला. मालवणच्या मुलीला तो सांगावा लागत नाही.

"आगळ," ती पुटपुटली. कोकमाचा आंबट रस. तिच्याही फ्रिजमध्ये बाटली होती.

"टाईलची माती पाणी पिते," शुभ्रा म्हणाली. "पुढून झिलईने वाट बंद असते. यांनी डोळ्यांपाशी झिलई खरवडलीय. रस तिथूनच बाहेर येणार. एवढाच चमत्कार."

"पण टाईल प्राचीन आहे ना? मशीनच बोललं!" बाबा ओरडले.

"तेच तर! जुन्या झिलईतलं शिसं आंबटात उतरतं, आणि शिसं म्हणजे पोरांच्या मेंदूला विष. बशीतून शिसं उतरतं का ते बघायला आम्ही तिच्यात आंबट पाणी दिवसभर ठेवतो. तुम्ही तीच टेस्ट महिनोन्‌महिने केलीत. आम्ही ते पाणी पीत नाही, तुम्ही पोरांना पाजलंत. टाईल खोटी असती तर दियाच्या पोटात ते विष गेलं नसतं."

बाबा चपला सोडून पळाले. खाली अजीजने त्यांना अदबीने दार उघडून दिलं. "हॅपी बर्थडे, साहब!"

तपासणीत त्या अश्रूंमध्ये शिसं निघालं, दियाच्या रक्तातही निघालं. रक्तातलं उतरवता येईल, मेंदूचं जे गेलं ते परत येईल का, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"एवढं दुखत होतं तर ममाला सांगायचं नाही का गं?" शुभ्राने हॉस्पिटलात पलंगाशी बसून दियाला विचारलं.

"आय डिड, आत्या. ममा वॉज सो हॅपी. शी सेड, इट्स वर्किंग."

हेमा भिंतीकडे तोंड करून उभी होती.

देव कुणी मानावा, कुणी मानू नये. पण लेकराच्या तोंडात काही घालण्याआधी चौकटीमागची फळी काढून बघा. आणि लेकरू दुखतंय म्हणालं तर बाबाच्या आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.