मालनबाईंनी नाव घेतलं

कारखान्याच्या दवाखान्यातले रिपोर्ट कुणा चोरट्यांनी कॉम्प्युटर फोडून इंटरनेटवर सोडून दिले. भात उफणताना फोल वाऱ्यावर जावं तसे ते जगभर गेले. कामगारांच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या कडावच्या मेघाला त्यात तिच्या नात्यातले चंदरकाका सापडले. रसायनाच्या टाकीवरच्या वाफेनं त्यांची फुप्फुसं जळत चालल्याचं दवाखान्याला आधीच कळलं होतं. तरी ‘फिट’ म्हणून त्यांना त्याच टाकीवर धाडलं होतं, ते मरेपर्यंत.

चोरीची माहिती वापरायची कशी? विद्यापीठाची नैतिकता समिती म्हणाली, आधी घरच्यांची संमती विचारा, मग बघू. म्हणून मेघा मोहोपाड्याला काकांच्या बायकोकडे, मालनबाईंकडे गेली.

मालनबाई ओटीवर मोड आलेले वाल सोलत होत्या. ऐकता ऐकता हात थांबला.

“म्हंजे साऱ्या जगानं वाचलं, आन् आमालाच ठावं नाय?”

“हो, काकू.”

“खोकला आला का मी त्यांनाच बोलायची. बिडीनं जाळलंत म्हनायची. बिडी सोडलीन बी बिचाऱ्यानं.” मग म्हणाल्या, “लिव. समदं लिव. पन नाव घालून लिव.”

“नाव नाही घालता येत. कुणाचंच नसतं.”

“नाव नाय त मानूस कसला गं?”

लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव त्यांच्या ओठी आलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा शेजारणीला सांगायला लावायच्या. त्यांनी पदर सावरला, ताठ बसल्या.

“चंदर,” त्या म्हणाल्या. ना यमक, ना लाज. मग पुन्हा, शेताच्या बांधावरून हाक घालावी तसं, “चंदर.”

समितीनं शेवटी नकार दिला. एका घराची संमती चालेल, पण त्या फायलीतले बाकीचे? आजार उघड झाला तर कुणाची नोकरी जाईल, कुणाच्या लेकीचं जमलेलं लग्न मोडेल. यात मेघाला कुठे चूक काढता येईना. काकांचा एक कागद तरी काकूंना देऊ का, तिनं विचारलं. तोही नाही. दवाखान्यात रीतसर मागितला, तर जुनं काही शिल्लक नाही म्हणाले.

मेघानं फाईल पुसली आणि पुन्हा मोहोपाड्याला गेली.

“लिवलंस?”

“नाही, काकू. पुसायला लागलं सगळं.”

मालनबाईंनी रसायनीच्या कारखान्यांच्या धुराड्यांकडे पाहिलं.

“मंग मी उगाच नाव घेतलं,” त्या म्हणाल्या. पदरानं ओठ पुसले, उठल्या. “बस, च्या ठेवते. आलं घालून. त्यांना तसाच लागायचा.”