सुगंधीचं स्थळ

दोन पाट मांडून झाले होते. एकावर हिरवी साडी, काचेच्या बांगड्या आणि मोगऱ्याची वेणी. दुसऱ्यावर धोतर, सदरा आणि पंचा. नवरी सुगंधी चार वर्षांची असताना तापाने गेली, त्याला पस्तीस वर्षं झाली होती. नवरा लोकेश तिच्याही आधी विहिरीत पडून गेलेला. पावसाळ्यातल्या आटी महिन्यात जिवंत माणसांची लग्नं होत नाहीत, मेलेल्यांची होतात, आणि आज आटीचा शेवटचा दिवस होता.

सुगंधीचा बाप सेसप्पा खांबाला टेकून उभा होता. सगळा जन्म ताडाच्या झाडांवर चढण्यात गेला, पण आता घराच्या तीन पायऱ्या चढल्या तरी त्याला धाप लागायची. पुढची आटी आपल्याला दिसेल याचा त्याला भरवसा नव्हता. बायको राजीवी फेब्रुवारीत गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने त्याचा हात धरून सांगितलं होतं, "पोर स्वप्नात येते. मोठी झालीय. दारात उभी राहते, आत ये म्हटलं तर येत नाही. माझ्यामागे तिचं लग्न करा." तो हो म्हणाला होता. आजवर त्याने दिलेला प्रत्येक शब्द राजीवीनेच मागे लागून पुरा करून घेतला होता. हा एकच त्याच्या एकट्याच्या अंगावर पडला होता.

"मामा, झालं का?" बाहेरच्या रिक्षातून भाचा रमानाथ ओरडला. चाळिशी उलटली तरी त्याचं लग्न झालेलं नव्हतं, आणि बिनलग्नाच्या माणसाने हे लग्न बघायचं नसतं.

"तू गप बस रे!" आतून कुणीतरी म्हणालं. "मेलेल्यांची होतायत, तुझं काही होत नाही."

बायका हसल्या. सेसप्पालाही थोडं हसू आलं. एवढ्यात जातीचे पुढारी अण्णी गुरिकार पाटांसमोर बसले आणि म्हणाले, "धारेचं पाणी सोडण्याआधी दोन्हीकडची बरी सांगा."

दोघांच्या कपड्यांवर पाण्याची धार सोडली की लग्न लागतं. बरी म्हणजे कूळ. ते आईकडून येतं. एका बरीची माणसं भावंडं असतात, त्यांच्यात लग्न होत नाही.

"नवरी बंगेरा," सेसप्पा म्हणाला. राजीवी बंगेरा होती.

नवऱ्याची आई वारिजा पंख्याखाली ऐसपैस बसली होती. ती म्हणाली, "आमचीही बंगेराच."

स्वयंपाकघरात कोंबडीच्या रश्शात डाव फिरत होता, तेवढाच आवाज.

"तुमच्या दारावर सालियान लिहिलंय," सेसप्पा म्हणाला.

"ते यांचं नाव. मुंबईत हॉटेलात होते ना, तिकडे पोरं बापाचंच नाव लावतात. म्हणून दारावर तेच घातलं. पोरगा माझ्या बरीचाच असणार की! तुम्ही मला विचारलंत कुठे?"

त्याने विचारलं नव्हतं. राजीवी तेव्हा अंथरुणावर होती, म्हणून तो एकटा स्थळ बघायला गेला होता. घर पाहिलं, दारावरची पाटी वाचली, चहा प्याला आणि परत आला. राजीवी सोबत असती तर उंबरा ओलांडायच्या आधीच तिने विचारलं असतं, बाई, तुझ्या आईची बरी कुठली?

"बहीणभाऊ झाले हे," गुरिकार म्हणाले. "मी धार सोडू देणार नाही."

वारिजा उठून उभी राहिली. "म्हणजे? माझ्या पोराला बोहल्यावरून उठवणार? चाळीस वर्षांनी त्याला नवीन धोतर आलंय!"

"वारिजक्का, नियम मी केलेला नाही."

"मग सालियान म्हणा आणि उरका! कोण येणारे तपासायला? दोघं काय कागद दाखवणारेत?"

सगळे सेसप्पाकडे बघायला लागले. गुरिकारही. तेही दमलेले होते. सेसप्पा जर म्हणाला असता की घ्या सालियान, तर त्यांनी मान खाली घालून पाणी सोडायला लावलं असतं, हे सेसप्पाला दिसत होतं. तोंडातून एक शब्द काढायचा, की दिलेलं वचन पुरं. रस्सा तयार होता. दिवस आजचाच होता.

त्याने साडीकडे पाहिलं. ती राजीवीने अंथरूण धरण्याआधीच घेतली होती. विड्या वळून वळून पिवळ्या पडलेल्या बोटांनी तिने दुकानात चौदा साड्या उलगडल्या होत्या आणि पंधरावी घेतली होती. अशी बाई पोरीला भावाच्या गळ्यात बांधलेलं ऐकून घेईल? पोर दारातच उभी राहील, आणि आता तिच्याशेजारी राजीवीही.

"नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. खोटी बरी सांगायची नाही. लग्न राहू दे."

वारिजाने कपाळावर हात मारला. गुरिकारांनी डोळे मिटले. सेसप्पा खाली बसला. काय केलं आपण, असं त्याला त्याच क्षणी वाटलं.

"अण्णा," मागून बारीक आवाज आला. "मी एक बोलू?"

वारिजाची नणंद होती. कल्याणी. वाळलेली, पांढऱ्या केसांची बाई. सकाळपासून ती नारळ खवत होती, तिच्याशी कुणी दोन शब्दही बोललं नव्हतं.

"माझाही एक आहे," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं झाली. मी सालियान, म्हणून तोही सालियान."

"काय बोलतेस, कल्याणी?" वारिजा म्हणाली. "तो दहा दिवसांचा होता. त्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं!"

"म्हणून तर कुणाकडे गेले नाही. बिननावाच्या पोराला मुलगी कोण देणार? नवरा होता तोवर त्याला विषय नको होता. नंतर मलाच लाज वाटायची." तिने ओले हात पदराला पुसले. "देऊ नका तुम्ही. मी नुसतं सांगितलं."

गुरिकार विचारात पडले. "नाव नसेल तर आधी बारसं करू. मग लग्न. दोन्ही एका दिवशी करू नये असं मी कुठे ऐकलेलं नाही. वयही बसतं." मग ते सेसप्पाकडे वळले. "पण मुलगी तुझी. तू बोल."

सेसप्पाने कल्याणीकडे पाहिलं. हाताशी आला तो नवरा, म्हणून पोर देऊन टाकायची? मघाशी न विचारता एक घोळ घातला होता. राजीवीने काय विचारलं असतं? त्याला काही सुचेना. शेवटी तो म्हणाला, "पोरगा होता कसा, अक्का?"

कल्याणीला हे आजवर कुणीच विचारलं नसावं. ती गोंधळली.

"रडायचा नाही फारसा," ती म्हणाली. "भूक लागली की नुसता बघत राहायचा. मला वाटायचं, झोपलाय. मग बघितलं तर डोळे उघडे. वाट बघत."

"रागीट नव्हता?"

"दहा दिवसांत काय राग येणार, अण्णा?" ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "नव्हता. शांत होता."

सेसप्पा सुगंधीच्या पाटाकडे सरकला.

"आमची हट्टी होती," तो म्हणाला. "शांत मिळाला तर बरंच. पण अक्का, वारिजक्कांचं मन मोडून नको."

वारिजा भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "माझ्या लोकेशचं धोतर मी कुणाला देणार नाही," ती म्हणाली. "त्याचं त्याला राहू दे. भाऊ म्हणून बसेल तो नवरीशेजारी. भावाशिवाय मुलगी देतात का? पुढच्या वर्षी त्याला मी स्वतः बघीन, आणि आधी बरी विचारीन." मग ती बाहेर बघून गरजली, "रमानाथा! रिक्षा काढ. बाजारातून एक धोतर, सदरा आणि पंचा घेऊन ये. चांगलं बघ. नवरदेवाचं आहे!"

नवीन कपडे आले, तिसऱ्या पाटावर मांडले. कल्याणी वाकली, धोतराच्या घडीला तोंड लावून काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने, बाई," गुरिकार म्हणाले. "आम्हालाही हाक मारायचीय."

"वामन," ती म्हणाली. नाव तिच्याजवळ तयार होतं.

सेसप्पाने तांब्या उचलला. निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. उरलेलं साडीवर आणि वामनच्या धोतरावर पडलं. गुरिकार म्हणाले, झालं. एवढंच होतं.

मग नवरा-नवरीपुढे केळीचं पान वाढलं, त्यावर रस्सा आणि मासे. कल्याणी पानाशी बसली आणि सेसप्पाकडे बघून म्हणाली, "अण्णा, सुनेला आवडतं काय? मला काही ठाऊक नाही तिचं."

हे सगळं राजीवीला ठाऊक होतं. सेसप्पाला कधी लक्षात ठेवावं लागलं नव्हतं. तो आठवत राहिला. ताडावरून उतरून तो घरी यायचा तेव्हा पोर जेवत असायची.

"बांगडा," तो म्हणाला. "पण काटे काढून द्यावे लागतात. नाहीतर तोंड मिटून बसते."

"मग सांगायचं नाही का आधी?" कल्याणी म्हणाली. तिने पानावरचा बांगडा आपल्याकडे ओढला आणि उजेडाच्या बाजूला सरकून एकेक काटा काढायला लागली.