दोन तोंडांचा रुपया

मी एक जुना चांदीचा रुपया. किती जुना, ते मात्र विचारू नका! साल सांगायला ते अंगावर छापलेलं असावं लागतं, आणि माझ्या अंगावर ते नाहीच. मित्रांनो, माझा जन्मच मुळी एका घोटाळ्यात झाला.

टांकसाळीत चांदीची गोल चकती दोन पोलादी ठशांमध्ये ठेवतात आणि धाडकन घाव घालतात. एका बाजूला राजाचं तोंड उमटतं, दुसऱ्या बाजूला 'एक रुपया' आणि साल. पण माझ्या आधीचा रुपया राजाचं तोंड वर करून दुसऱ्या ठशालाच चिकटून बसला! त्याच्यावरच मला ठेवलं आणि घाव घातला. एकीकडून ठशाने मला राजा दिला, दुसरीकडून माझ्या भावाच्या तोंडाने माझ्यात खड्डा पाडला. झालं! एका अंगाला उठावदार राजा, दुसऱ्या अंगाला तोच राजा खोल आणि उलट्या दिशेला बघणारा. तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटलो तो थेट खानदेशात आलो.

अमळनेरजवळच्या एका खेड्यात भिकन नावाचा शेतकरी कापूस पिकवायचा. त्याच्या घरी मी राहिलो. त्याची बायको मंजुळाबाई मला फार जपायची. दोन राजांचा रुपया म्हणजे दुप्पट शुभ, असं तिचं म्हणणं. पहिलं महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी बैल घ्यायचा ठरला, तेव्हा सौदा पक्का करणारा इसार म्हणून द्यायला तिने मलाच निवडलं. आणि तिथेच तिची चूक झाली. चिंच नि राख लावून तिने मला असं खसाखसा घासलं, की मी कालच ओतल्यासारखा पांढराफटक दिसू लागलो. जुन्या नाण्याची काळी झाक हीच त्याची साक्ष असते. ती तिने प्रेमाने धुऊन टाकली!

अमळनेरच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात, तोच आकडा. सौदा पटला की इसाराचा रुपयाही रुमालाखालीच द्यायचा. मंजुळाबाई मागे उभी असताना भिकनने मला दिलं आणि बैलांचा व्यापारी तोताराम याच्या अंगठ्याला माझा खड्डा लागला. त्याने मला उजेडात धरलं.

"खोटा रुपया! ताजा ओतेल शे, दखा रे!"

"शेठ, देवनी आण, माले असाच भेटना," भिकन म्हणाला.

त्याचं वाक्य संपायच्या आत पहिली थप्पड बसली. पागोटं शेणात पडलं. मग लाथा, मग काठ्या. एक काठी तर त्याच्या पाठीवर मोडली, तेव्हा कोणीतरी दुसरी आणून दिली! मारणाऱ्यांतल्या निम्म्यांनी मला पाहिलंसुद्धा नव्हतं.

बैलांना नाल ठोकणाऱ्याची ऐरण शेजारीच होती. आत तांबं निघेल म्हणून तोतारामने माझ्यावर छिन्नी ठेवून घाव घातला. चांदीच निघाली. त्याने शहाणं व्हायचं ना? नाही!

"म्हणजे कारागीर पक्का शे! साचा कोठे शे, सांग!"

चौघांनी भिकनचा उजवा हात ऐरणीवर दाबला. हातोडा पडला. एक बोट. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा हातोडा. दुसरं बोट. तो आवाज टांकसाळीतल्या घावापेक्षा लहान होता, पण मला तोच आठवतो.

मंजुळाबाई रडत बसली नाही. पहिली थप्पड पडली तेव्हाच ती सोनार गल्लीकडे धावली होती. तिसऱ्या बोटावर हातोडा उचललेला असतानाच ती परतली. सोबत बेबा अक्का, सोनाराची म्हातारी विधवा, काखेत तराजू.

"हात मांगे ले, मुडद्या!" अक्का गरजली, आणि हातोडा खरंच थांबला.

तिने मला एका पारड्यात घातलं, दुसऱ्यात दुसरा रुपया. काटा मधोमध. नखाने टिचकी मारली, मी खणखणलो.

"चांदी खरी, वजन खरं."

तोताराम गुरगुरला, "मंग यानी दुसरा रुपया वर ठोकीसन खड्डा पाडेल शे, माले फसाडाले!"

"असं? मंग तू पाडी दाखाड. तुनाच दोन रुपया काढ!"

गर्दी खो खो हसली. तोतारामला कंबरेची पिशवी सोडावीच लागली. एक रुपया ऐरणीवर, त्यावर दुसरा, आणि वरून हातोडा. माझ्या डोळ्यांदेखत माझे दोन भाऊ ठेचले गेले.

अक्काने वरचा रुपया उचलून माझ्या शेजारी धरला. "दखा. याना खड्डामां राजा धुरकट. मांगली बाजू सपाट, कड पसरेल." तिने मला पुढे केलं. "आते हाऊ दखा. खड्डामां दाढीना केस मोजी ल्या. मांगला राजा साबूत, कडना दात साबूत. दोन्ही बाजूले एकच घावमां मार बसेल शे, आनि तो टाकसाळमाच बसस." मग तिने छिन्नीच्या घावावर बोट फिरवलं. "हिनी कोर वर येल शे, बोटले टोचस. ही मातर तुनी खूण, तोताराम."

भिकनला सोडलं. माफी कोणीच मागितली नाही. तोतारामने भरपाईदाखल बैलाचं दावं पुढे केलं.

"फुकट नको," मंजुळाबाई म्हणाली. "भाव कर."

आणि तिने स्वतःचा हात रुमालाखाली घातला! बाजारात बाईने असं कधी केलं नव्हतं. तिने बोटं अशी काही दाबली, की तोतारामच्या डोळ्यांत पाणी आलं. इसाराला तिने दुसरा रुपया दिला.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने चांदीचे रुपये परत मागवले, तरी तिने मला दिलं नाही. घासलंही नाही. मी पुन्हा छान काळा झालो आहे. आज देश स्वतंत्र झालाय, घरात नातवंडं आहेत. परवा त्यांतली धाकटी विचारत होती, "आबा, तुमनी बोटं जनमनीच वाकडी शेत का?"

भिकनने मला तिच्या तळहातावर ठेवलं, आधी खड्डा दाखवला, "हाऊ जनमना." मग छिन्नीचा घाव, "हाऊ मानूसनी करेल." पोरीने दोन्हींवरून बोट फिरवलं. मग तिने आजोबांच्या बोटांवरून हात फिरवला, आणि तिला कळलं.

मित्रांनो, मला घासू नका, माझ्यावर छिन्नी चालवू नका, एवढं तर मी मागेनच. पण त्याआधी एक मागतो. कोणावर हात उचलण्यापूर्वी त्याची दुसरी बाजू एकदा बघा. मला उलटून बघायला एक क्षण लागतो. भिकनची बोटं सरळ व्हायला अठ्ठावीस वर्षं पुरली नाहीत.