सर नसताना जिंकलेला सामना

आम्ही

"सर, आम्ही जिंकलो."

फोनमागे इतका गलका होता की सरांनी दुसऱ्या कानावर तळवा दाबला. समोरच्या दारावरचा लाल दिवा अजून पेटलेला होता. आत त्यांच्या बायकोच्या खुब्याचा सांधा बदलत होते.

"कितीने?"

"एका गुणाने. शेवटचा बास्केट माझा होता. म्हणजे शेवटी काय झालं ना... सर, ऐकू येतंय का?"

"येतंय. शाब्बास. आधी पाणी प्या सगळ्यांनी. आणि लगेच बसू नका, पाय आखडतील."

"हो सर. काकू कशा आहेत?"

"आत आहेत."

"बरं सर, फोटोला बोलावतायत."

फोन बंद झाला. बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांना बोलायला निमित्त हवंच होतं. "चांगली बातमी वाटतं?"

"हो. मुली जिंकल्या."

"वा. किती मुली तुम्हाला?"

"बारा."

गृहस्थांनी एकदा सरांकडे बघितलं, एकदा लाल दिव्याच्या दाराकडे, आणि पुढे काही विचारलं नाही.

सर शाळेत खेळाचे शिक्षक होते. मुलींचा बास्केटबॉलचा संघ त्यांनी उभा केला होता, आणि अंतिम फेरीपर्यंत तो पहिल्यांदाच पोचला होता. नेमकं अंतिम सामन्याच्याच दिवशी ऑपरेशन. मुलींना बसमध्ये बसवून ते सकाळीच दवाखान्यात आले होते. आता त्यांना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण मध्येच एक शब्द खटकला. आम्ही. फोनवरची मुलगी, संघातली सगळ्यांत उंच शिडी, 'आपण' म्हणाली असती तर त्यात ते मावले असते. 'आम्ही'त मावत नव्हते. प्रश्न व्याकरणाचा होता, आणि व्याकरण हा त्यांचा विषय नव्हता.

अहो

"अहो."

"हं. बोलू नकोस फार."

"कोण जिंकलं?"

"त्या जिंकल्या."

"त्या कोण? समोरच्या?"

"नाही गं. आपल्या."

"मग सरळ सांगा ना. तोंडावरून मला वाटलं हरलात."

"'आम्ही जिंकलो' म्हणाली. शिडी."

"मग काय म्हणणार? धाप लागली असेल तिला. तुम्ही पण."

"तसंच असेल."

"इथे थांबलात म्हणून वाईट वाटतंय का?"

"नाही."

"फार पटकन बोललात."

"पांघरूण ओढू का वर?"

"असं तोंड करून पायाशी बसू नका. नर्सला वाटेल मी गेले."

ते

वर्तमानपत्राने ठळक अक्षरांत छापलं: प्रशिक्षकाविना अजिंक्यपद. खाली शिडीचा फोटो. हवेत, चेंडू हातातून नुकताच सुटलेला. मुलीचं खरं नाव त्यांनी बरोबर दिलं होतं, पण वाचताना शाळेत कोणाला ते पटकन ओळखू आलं नाही, इतकी ती सगळ्यांची शिडी होती.

शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर पेपर झटकत म्हणाले, "एवढी उंची असल्यावर शिकवायचं काय राहतं? टोपलीत टाकायचं म्हणजे तिला फळीवर डबा ठेवल्यासारखं."

"असं कसं?" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "रोज सकाळी तिच्यासाठी कोण उभं असायचं तिथे?"

"उभा तर खांबही होता."

सगळे हसले. सरही हसले, कारण विनोद चांगला होता. मग त्यांनी सगळ्यांसाठी थर्मासमधला चहा ओतला. स्वतःसाठी उरला नाही.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी बोलावलं. मुख्याध्यापिका म्हणून त्या कडक होत्या, पण आज टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवत होत्या.

"सर, संस्थेच्या सचिवांच्या डोक्यात आहे की पुढच्या वर्षी बाहेरून एक तरुण कोच आणायचा. आणि तुम्हाला प्राथमिकला द्यायचं. कवायतीला."

"बरं."

"बरं काय? त्यांचं म्हणणं, तुम्ही नव्हता तरी मुली जिंकल्या. मग तुम्ही असण्याने काय फरक पडतो? हे मी म्हणत नाही, ते म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे, पण माझ्या म्हणण्याला..." त्यांनी पेपरवेट थांबवला. "उद्या ते शिडीला बोलावून विचारणार आहेत. तिचं ऐकतील ते. आता फोटो आलाय ना तिचा. तुम्ही तिला जरा पढवून ठेवा."

"पढवू?"

"समजावून हो. दोन वाक्यं. सरांनी सांगितलं तसं खेळलो, म्हणून जिंकलो. झालं."

संध्याकाळी सरावाला शिडी सगळ्यांत आधी आली. उडी मारल्यावर गुडघे वाकवून जमिनीवर यायचं, नखं कापलेली ठेवायची, पंचाशी हुज्जत घालायची नाही, हे सगळं सरांनी तिला शिकवलं होतं. दोन वाक्यं म्हणजे काहीच नव्हतं. प्राथमिकच्या अंगणात खडूने आखलेल्या ओळीही त्यांना दिसत होत्या. सावधान. विश्राम. एखादा रडका. एखादीला शू. तिथे बास्केटचा खांब नव्हता.

"सर, काही सांगायचंय का?" त्यांना घुटमळताना बघून शिडीने विचारलं.

"हो," सर म्हणाले. "डाव्या बुटाची लेस."

तुम्ही

सचिव तसे भले गृहस्थ होते. शिडी आत आली तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले.

"बस बाळ, बस."

"उभीच बरी. गुडघे टेबलाला लागतात."

मोठ्या बाई एका बाजूला, सर खिडकीपाशी. सचिवांनी चष्मा पुसला.

"आता मला मोकळेपणाने सांग. सामना कोणी जिंकला?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही म्हणजे आम्ही. सगळ्या."

"आणि सर?"

"सर दवाखान्यात होते ना."

मोठ्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "अगं, पण सरांनी शिकवलं तसंच खेळलात ना तुम्ही?"

शिडीने सरांकडे बघितलं. मैदानावर बघायची तसंच. सरांनीही नेहमीसारखी मान हलवली: बोल.

"शेवटपर्यंत तसंच खेळलो. शेवटी नाही."

"म्हणजे कसं?" सचिवांनी विचारलं.

"सर नेहमी ओरडतात, सोड. माझ्यावर दोघी धावून आल्या की कोणीतरी आपली मोकळी असते. चेंडू तिच्याकडे सोडायचा. तेव्हा पण दोघी आल्या. आमच्यातली चिमणी मोकळी होती, हात वर करून उभी होती. मी सोडला नाही. मारला."

"आणि बसला."

"बसला."

"आणि समज, सर तिथे असते तर?"

फाऊल आपल्या हातून झाला की पंचाने शिट्टी वाजवण्याआधी आपण हात वर करायचा, ही शिडीची सवय होती. सरांनीच लावलेली. समोरच्या संघातल्या मुली तिला त्यावरून हसायच्या.

"सर असते तर ओरडले असते," ती म्हणाली. "मग मी सोडला असता. चिमणी घाबरली होती, तिचा गेला नसता. मग आपण हरलो असतो."

आपण.

तो शब्द खोलीत दुसऱ्या कोणालाच ऐकू आला नाही. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले, ते दुसऱ्या कारणाने. हरण्यात सर होते. तिथे त्यांची जागा कोणी घेतलेली नव्हती.

"सर," सचिव अवघडून म्हणाले, "तुमचं काही म्हणणं?"

"बरोबर सांगतेय ती. चिमणीचा गेला नसता."

तू

पायऱ्या उतरताना शिडी मागून आली. "सर, मोठ्या बाई अशा का बघत होत्या माझ्याकडे? मी काही चुकीचं बोलले?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. मी प्राथमिकला चाललोय. कवायतीला."

ती त्यांच्याच पायरीवर थांबली, तरी सरांपेक्षा दोन पायऱ्या वर असल्यासारखी उंच. "माझ्यामुळे?"

"त्यांच्या डोक्यात आधीपासून होतं."

"मग मला आधी सांगायचं ना तुम्ही. मी वेगळं..."

"म्हणून नाही सांगितलं."

तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. ती रडायची तेव्हा आधी नाकच लाल व्हायचं, हे सरांना माहीत होतं. पुढचं त्यांना नको होतं.

"तो बास्केट मी बघितला नाही," ते म्हणाले. "मला सोडून सगळ्यांनी बघितला. दाखव."

"आत्ता?"

"मग कधी?"

कोर्टवर दुपारचं ऊन होतं आणि कोणी नव्हतं. खेळाच्या खोलीतून चेंडू आणला तो थोडा मऊ होता. शिडीने जागा शोधली, दोनदा बदलली. "इथे. आणि दोघी होत्या. एक इथे, एक या बाजूने."

"सध्या एकच आहे," म्हणत सर तिच्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी हात वर केले. उजवा खांद्यातून पुरता वर जाईना.

"ती आणखी जवळ होती, सर."

ते जवळ सरकले.

पहिला कडीला लागून उडाला. सर धावत, म्हणजे जमेल तसं धावत, जाऊन घेऊन आले. दुसरा फळीलाही लागला नाही. तोही आणला.

"तेव्हा बसला होता," ती म्हणाली.

"माहीत आहे. परत."

ते पुन्हा हात वर करून उभे राहिले. इतकी वर्षं ते रेषेबाहेर, बाजूला उभे असायचे. समोरच्या मुलींना ती कशी दिसत असेल हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. फार मोठी दिसत होती. तिच्या मागचं शाळेचं छप्पर दिसत नव्हतं. तिने गुडघे वाकवले, तिची नजर त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली, आणि त्यांच्या लक्षात आलं की ते आता तिला दिसत नाहीयेत.

तिचं कोपर बाहेर जात होतं. ते काही बोलले नाहीत.

शिडी उडाली. सरांनीही टाचा उचलल्या, जेवढ्या उचलवल्या तेवढ्या. चेंडू बोटांच्या वरून गेला, वारा लागला. मागे जाळी सळसळली.

सर वळले नाहीत. चेंडू मागे टप्पे घेत राहिला, प्रत्येक टप्पा आधीच्याहून लहान, मग नुसता घरंगळत कुंपणाकडे गेला. शिडी त्यांच्यासमोर उभी होती. त्यांचे हात अजून वर होते.